बाबांचं चुकलेलं साल

ला क्रॉस, विस्कॉन्सिन
मंगळवार, ९ नोव्हेंबर २०२१

प्रिय ड्वेन,

'प्रिय' हे सवयीनं लिहिलंय, मनावर घेऊ नकोस. आई म्हणायची, पत्र कुणालाही लिहा, सुरुवात नीट करा, पुढे काय लिहायचं ते आपल्या हातात असतं. अकरा वर्षांनी तुझं पाकीट आलं. अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे कललेलं, घाईत असल्याचा आव आणणारं. तीन दिवस ते ब्रेडच्या डब्यावर पडून होतं. चौथ्या दिवशी उघडलं, कारण ब्रेड काढताना दर वेळी तुझं नाव बघावं लागत होतं. चार पानांतली अडीच पानं तू तुझ्या लघवीच्या तक्रारीवर आणि क्रेगच्या बायकोच्या स्वभावावर खर्च केली आहेस. मागणी तिसऱ्या पानावर, मधोमध, सहज आठवल्यासारखी. तुझी ही जुनी पद्धत. त्या मागणीकडे मी येणार आहे. आधी मला काही सांगायचंय, आणि या वेळी मधेच बोलून मला गप्प करायला तू समोर नाहीस, ही पत्राची मोठी सोय आहे.

सप्टेंबरमध्ये क्रेगनं तुझं गॅरेज रिकामं केलं. कशासाठी, ते त्यानं तेव्हा मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्याचा फोन आला, 'आत्या, आजोबांचा जुना कॉम्प्युटर सापडलाय, फ्लॉप्यांचा खोका पण आहे. बाबा म्हणतात फेकून दे. तुला हवाय का?' मी हो म्हणाले. ऐंशीव्या वर्षी मला तो कशाला हवा होता कोण जाणे, पण तू फेकून दे म्हणालास एवढं कारण मला पुरलं. बिचाऱ्यानं दीड तास गाडी चालवून सगळं माझ्या दारात आणून ठेवलं. तो पिवळट पडलेला डबा, हिरव्या अक्षरांचा पडदा, आणि बाबांनी मधाच्या बरण्यांची लेबलं चिकटवलेला फ्लॉप्यांचा खोका. वर अजून त्यांच्या हातचं लिहिलेलं होतं, 'पेट्या १ ते २२'.

इथल्या वाचनालयाच्या तळघरात दर शनिवारी अशी यंत्रं जिवंत करणारी सातआठ माणसं जमतात. त्यांची म्होरकी बेव्ह नावाची बाई आहे, आठवडाभर शाळेची बस चालवते. तिनं बाबांचं यंत्र उघडलं, आतलं घड्याळाचं कार्ड दोन बोटांत धरून बाहेर काढलं आणि हसायला लागली. 'अहो ताई, हे गुणी बाळ मला माहितीये. याला साल कळतच नाही,' म्हणाली. मला वाटलं, चेष्टा करतेय. मग तिनं मला बसवून नीट समजावलं. तुला हे समजावायची गरज नाही, ते तुला माझ्या तेहतीस वर्षं आधीपासून माहीत आहे. पण मी लिहिणार आहे, कारण मला ते पाठ झालंय आणि ते तुझ्यापुढे एकदा म्हणून दाखवायचंय.

त्या कार्डाला महिना कळतो, तारीख कळते, वार कळतो, तास-मिनिटं कळतात. साल ठेवायला त्यात जागाच नाही. मग यंत्र काय करतं, तर तारीख आणि वार यांची जोडी बघतं आणि अंदाज बांधतं की अमुक तारखेला अमुक वार आला म्हणजे हे अमुक साल असणार. त्यासाठी आत एक छोटा तक्ता असतो, त्यात फक्त सहा वर्षं, ब्याऐंशी ते सत्त्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी उजाडलं तेव्हा तक्त्यात अठ्ठ्याऐंशी नव्हतंच. एक जानेवारीला शुक्रवार होता, ब्याऐंशी सालीही एक जानेवारीला शुक्रवारच होता, म्हणून यंत्र मुकाट्यानं ब्याऐंशीत जाऊन बसलं. फेब्रुवारीत लीप वर्षाचा जादा दिवस आला, वार एका घरानं सरकले, आणि मार्चपासून त्याच यंत्राला त्र्याऐंशी साल दिसायला लागलं. मी बेव्हला दोनदा विचारलं, 'दोन महिन्यांत ब्याऐंशीचं त्र्याऐंशी? नक्की?' ती म्हणाली, 'नक्की. त्या वर्षी हे कार्ड असलेल्या प्रत्येकाचं असंच झालं. दुकानात जुन्याच्या जागी नवीन तक्ता मिळायचा. पाच मिनिटांचं काम.' 

दुकानात मिळायचा. तुझ्या दुकानात, ड्वेन. मिनियापोलिसच्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानात, जिथे तू टाय लावून उभा राहायचास आणि आमच्यासारख्यांशी हळूहळू, एकेक शब्द सुटा करून बोलायचास, जणू आम्ही नुकतेच शेणातून उठून आलोय. ते कार्ड पंच्याऐंशीच्या नाताळात तूच आणलंस आणि जेवणाआधी सगळ्यांना भोवती उभं करून बसवलंस. बाबा केवढे खूश होते. एकतीस वर्षं चीजच्या कारखान्यात थर्मामीटर हातात धरून उभा राहिलेला माणूस, त्याला आकडा बरोबर असला की सुख व्हायचं. दोन बोटांनी टाइप करून त्यांनी मधमाश्यांच्या पेट्यांच्या नोंदीचा प्रोग्रॅम स्वतः लिहिला होता. रोज सकाळी कॉफी झाली की नोंद, वर तारीख यंत्राची, खाली मजकूर त्यांचा. 'तारीख मी कशाला लिहू, त्याला घड्याळ दिलंय ना ड्वेननं,' म्हणायचे. तुझं नाव घेताना आवाज जरा चढायचा त्यांचा. माझं नाव घेताना कधी चढला नाही, पण त्याबद्दल मी आज काही लिहिणार नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या सप्टेंबरात ते शिडीवरून पडले आणि खुबा मोडला. तू मदतीला आलास. म्हणजे मी दवाखान्यात बाबांजवळ बसायचे आणि तू रिकाम्या घरात एकटा राहायचास. तिसऱ्या आठवड्यात तू मला कॉफीला बाहेर नेलंस, टेबलावर बाबांच्या नोंदींच्या कागदांचा गठ्ठा ठेवलास आणि डोळे खाली घालून म्हणालास, 'आर्लिस, मला हे तुला दाखवायचं नव्हतं.' कागदाच्या दोन्ही कडांना भोकांच्या पट्ट्या अजून तशाच होत्या, इतके ताजे छापलेले. वर १९८२. पुढे १९८३, आई गेली ते साल. तू म्हणालास, 'त्यांच्या डोक्यात आई अजून जिवंत आहे.' मी रडले. तू माझा हात थोपटलास. डॉक्टरांनी साल विचारलं तेव्हा बाबांनी बरोबर सांगितलं होतं, हे मी तुला बोलून दाखवलं, तर तू म्हणालास, 'परक्यांसमोर ते सांभाळून घेतात. हा आजार असाच असतो.' कुठल्या आजाराबद्दल बोलतोस हेही मी विचारलं नाही. नदीकाठच्या जमिनीवर सुट्टीतली घरं बांधायला माणसं तुझ्या मागे लागली होती आणि बाबा सही करत नव्हते, हे मला माहीत होतं. तरी दोन गोष्टी मी एकमेकींशेजारी ठेवून बघितल्या नाहीत. माणूस इतका मूर्ख असू शकतो, हे मी तुझ्याबद्दल नाही, माझ्याबद्दल लिहितेय.

बाबांचा कायदेशीर पालक व्हायचा अर्ज तू केलास. त्या सुनावणीचा दिवस तुला आठवत असेल. बारा ऑक्टोबर, बुधवार. बाबा चाकाच्या खुर्चीत, लग्नातला कोट घालून. न्यायालयानं त्यांना दिलेला वकील त्यांना दहा मिनिटं भेटला होता आणि त्यातली पाच मिनिटं पार्किंगबद्दल बोलला होता. न्यायाधीशबाईंनी अगदी मायेनं विचारलं, 'श्री. ब्रेक्के, आत्ता कोणतं साल चालू आहे?' बाबा म्हणाले, 'अठ्ठ्याऐंशी. मला माहीत आहे, बाईसाहेब. यंत्राला माहीत नाही. त्या घड्याळाला साल नसतंच, ते नुसता अंदाज करतं.' खोलीतल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं, तू पाहिलेलं आहेस ते पाहणं. त्यांनी त्या दिवशी बोललेलं सगळ्यात शहाणं वाक्य होतं ते, आणि त्याच वाक्यानं त्यांचं घर गेलं. बाई तुझ्याकडे वळल्या. तू त्यातला जाणकार. असं होऊ शकतं का, एवढंच त्यांनी विचारलं. तू क्षणभर थांबलास, जड वाटतंय असं दाखवायला, आणि म्हणालास, 'बाईसाहेब, ते यंत्र मी स्वतः बसवलंय. संगणकाच्या तारखा चुकत नाहीत. आणि बघा ना, फेब्रुवारीत ते ब्याऐंशीत आहेत आणि मार्चमध्ये त्र्याऐंशीत. एका रात्रीत वर्ष गेलंय त्यांचं.' बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. मीही पुसले. तुझं ते 'एका रात्रीत' मला तेव्हा फार भिडलं होतं.

मधल्या सुट्टीत बाबांनी माझी बाही ओढली. 'आर्लिस, स्वयंपाकघरातल्या फडताळात निळी फाइल आहे. मी छापलेल्या प्रती त्यात आहेत. प्रत्येक पानावर साल पेन्सिलीनं सुधारलंय. ती आण.' त्यांची बोटं थंड होती आणि आवाज अगदी नेहमीचा, दूध किती तापलंय ते सांगावं तसा. जाऊन यायला दीड तास लागला असता. मी त्यांच्या डोक्यावरून तुझ्याकडे पाहिलं. तू हळूच मान हलवलीस, लहान मूल हट्टाला आलं की हलवतो तशी. मी बाबांना म्हणाले, 'आणते हं, नंतर.' तीन वाजता निकाल झाला आणि तू त्यांचा कायदेशीर पालक झालास. आठवड्याभरात तू घर रिकामं केलंस. ती निळी फाइल कचऱ्याच्या कुठल्या पेटीत गेली ते तुला ठाऊक. मी तिचं नाव परत काढलं नाही. बाबांनीही काढलं नाही.

मग वृद्धाश्रमातले चौदा महिने. तू किती वेळा आलास ते मी मोजलं नाही, मोजायला फार बोटं लागली नसती. मी दर मंगळवारी जायचे. सकाळी खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला बाबा कुणी न विचारता पूर्ण तारीख सांगायचे. 'आज मंगळवार, चौदा मार्च, एकोणीसशे एकोणनव्वद.' औषध आणणारीला, चादर बदलणारीला, मला. परिचारिका मला बाजूला घेऊन सांगायच्या की हेही त्या आजाराचंच लक्षण आहे, एकाच गोष्टीचा घोष करत राहणं. मी मान डोलवायचे. एकदा मी त्यांना म्हणालेसुद्धा, 'बाबा, आता पुरे, कळलं सगळ्यांना.' त्यानंतर माझ्यापुढे त्यांनी तारीख म्हटली नाही.

बाबांच्या अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात बायका लेफ्सा, म्हणजे त्या बटाट्याच्या पोळ्या, आणि हॅम वाढत होत्या. तू ताटली हातात घेऊन पास्टरला म्हणालास, 'निदान शेवटी ते सुखाच्या वर्षांत राहत होते. आई होती तेव्हाच्या.' पास्टर गहिवरला. मी ते वाक्य पुढे कित्येक वर्षं लोकांना सांगत राहिले, ड्वेन. अभिमानानं. माझा भाऊ किती हळवा आहे बघा, म्हणून.

आता खोक्याबद्दल. बेव्हनं सगळ्या फ्लॉप्या वाचल्या आणि अठ्ठ्याऐंशी सालच्या नोंदी मला छापून दिल्या. न्यायालयात तू दिलेल्या गठ्ठ्याची प्रत माझ्याकडे होती, मी कुठलाही कागद टाकत नाही. जेवणाच्या टेबलावर मी दोन्ही शेजारी मांडले. तुझ्या गठ्ठ्यात अकरा मे आहे, तेरा मे आहे. बारा नाही. बेव्हनं छापलेलं बारा मेचं पान माझ्यापुढे होतं. वर यंत्रानं छापलंय, गुरुवार, १२ मे १९८३. आई गेली तो दिवस, वारासकट. आणि खाली बाबांनी लिहिलंय, 'थेल्मा जाऊन आज पाच वर्षं झाली. सफरचंदाला फुलं उशिरा. सातव्या पेटीतली राणी दिसली नाही.' पाच वर्षं. ज्याच्या डोक्यात बायको जिवंत आहे असं तू सगळ्यांना पटवलंस, त्यानं तिच्या जाण्याची वर्षं बरोबर मोजून लिहून ठेवली होती. ते पान तू वाचलंस. वाचल्याशिवाय कुणी गठ्ठ्यातून नेमकं एकच पान काढत नाही.

आणि खोक्याच्या तळाशी, तुझ्या दुकानाच्या पाकिटात, दोन वस्तू. एक बाबांचं तुला आलेलं पत्र. छापलेली तारीख चार जानेवारी १९८२, पेन्सिलीनं खोडून वर ८८ केलेलं. 'ड्वेन, तू बसवलेल्या घड्याळानं वर्षाच्या पहिल्याच दिवशी मला सहा वर्षं मागे नेलं. गंमत म्हणून ठीक आहे, पण पेट्यांची वजनं गेल्या साली किती होती ते ताडून बघता येत नाही. तुझ्या दुकानात यावर काही औषध असलं तर येशील तेव्हा घेऊन ये. घाई नाही.' दुसरी वस्तू एक फ्लॉपी. तिच्यावर तुझं अक्षर, उजवीकडे कललेलं. 'बाबांसाठी. तारीख दुरुस्ती. फेब्रु. ८८.' बेव्हनं ती यंत्रात घातली, घड्याळाच्या कार्डाला नवीन बॅटरी लावली आणि मुद्दाम अठ्ठ्याऐंशी सालातली एक तारीख नि वार भरून पाहिलं. साल बरोबर आलं. पाच मिनिटंही लागली नाहीत.

मी यावर पुष्कळ विचार केला आणि माझं मत सांगते. फेब्रुवारीत तुझ्या मनात काही पाप नव्हतं. तू ती फ्लॉपी खरंच बाबांसाठी तयार केलीस आणि मग आणायचा कंटाळा केलास, कारण फेब्रुवारीत रस्ते वाईट असतात आणि बाबांनी घाई नाही असं लिहिलं होतं. आधी नुसता आळस होता. सप्टेंबरात रिकाम्या घरात बसून तू कागद छापलेस आणि तुझ्या लक्षात आलं की हा आळस आता उपयोगी पडतोय. एखादा बदमाश असता तर मी त्याला निदान घाबरले असते. तू कधी तेवढाही मोठा नव्हतास. समोर आयती पडलेली वस्तू उचलणारा माणूस तू, आणि समोर पडली होती ती बाबांची अक्कल. तुझा राग करायला मी महिनाभर प्रयत्न केला. राग येत नाही. चपलेला काही चिकटलं की जेवढी किळस येते तेवढीच येते.

आता तुझी मागणी. क्रेगनं तुझ्यावर तसाच अर्ज केलाय. डॉक्टरांच्या फॉर्मवर तू २०१२ साल लिहिलंस, शेगडी दोनदा चालू ठेवलीस, आणि त्याला तुझं तळ्याकाठचं घर विकून तुला कुठेतरी ठेवायचंय. सहा डिसेंबरला सुनावणी आहे आणि तुझं डोकं ठिकाणावर असल्याचं मी लिहून द्यावं, असं तुझं म्हणणं आहे, कारण सख्ख्या बहिणीच्या शब्दाला वजन असतं. नाही म्हणायला कारण सापडावं म्हणून मी तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी शेवटच्या पानावर, हीटरच्या नळ्यांच्या तक्रारीखाली, ती एक ओळ दिसली. 'गॅरेजमध्ये बाबांची फ्लॉपी होती, ती अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीपासून तिथेच पडून होती, हे मी विसरलेलो नाही.' खोका माझ्याकडे आहे हे तुला ठाऊक नव्हतं. कुणी विचारलेलंही नव्हतं. तेहतीस वर्षांत तुझ्याकडून आलेली ही एकच ओळ मी जपून ठेवीन. तर तू मागितलेला कागद नोटरीचा शिक्का मारून सोबत ठेवला आहे. त्यात मी शपथेवर लिहिलंय की माझा भाऊ पूर्ण शुद्धीत आहे, त्याला साल, महिना आणि वार कळतो, आणि याला माझ्याकडे पुरावा आहे. पुरावा म्हणून वर लिहिलेली सगळी हकीकत दिली आहे, बारा मेच्या पानासकट आणि तुझ्या त्या ओळीसकट, कारण तुझी स्मृती शाबूत असल्याचं याहून चांगलं काही मला देता येत नाही. न्यायालयात तो मोठ्यानं वाचला जाईल आणि क्रेग तिथे बसलेला असेल. देण्याआधी नीट वाच. द्यायचा की नाही ते तू ठरव, तेवढं ठरवण्याइतकं तुला समजतं असं मी लिहून दिलंच आहे. मी सहा तारखेला सकाळी दहाला येऊन मागच्या बाकावर बसणार आहे. या वेळी कुणी मला काही आणायला सांगितलं, तर मी उठून आणीन.

तुझीच बहीण, त्याला आता इलाज नाही,
आर्लिस